शाळेत दम्याचं औषध दिल्याने खरंच फरक पडतो का?

(प्रश्न असा होता : ‘मुलगी ७ वर्षांची, बालदमा आहे. शाळा म्हणते औषधं घरीच द्या. शाळेत देऊन काही फरक पडतो का?’)

पडतो. ‘घरीच द्या’ हे मीही ऐकलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. दप्तरात औषध ठेवायचं नाही असा शाळेचा नियम, त्यामुळे त्याचा पंप (इनहेलर) ऑफिसच्या कपाटात, कुलपात. जानेवारीत क्रीडासप्ताह होता. थंडी, मैदानावर फक्कीचा धुरळा, त्यात धावण्याची शर्यत. शर्यत सोडून तो पायरीवर येऊन बसला. हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. बाई ऑफिसात धावल्या, तर क्लार्क बँकेत गेलेले आणि किल्ली त्यांच्या खिशात. शेवटी शिपाईमामांनी घंटेचा टोला उचलला आणि कुलूप फोडलं. मी पोहोचले तेव्हा पोरगं एकेक शब्द तोडत का होईना, बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी मामांना मेमो मिळाला. कारण : शाळेच्या मालमत्तेचं नुकसान. मी भांडायला गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “शाळा म्हणजे दवाखाना नव्हे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जिल हाल्टरमन या बालरोगतज्ज्ञांनी नेमका हाच विषय वर्षानुवर्षं लावून धरला : रोजचं औषध घरी चुकत असेल, तर ते शाळेतच द्यावं का? त्यांच्या एका अभ्यासात शहरातल्या शाळांमधली ३ ते १० वर्षांची ४०० मुलं होती. एका गटाला शाळेची नर्स समोर उभं करून प्रतिबंधक औषध द्यायची आणि डॉक्टर टेलिमेडिसिनने, म्हणजे दुरूनच, तपासायचे. दुसऱ्या गटाचे उपचार नेहमीसारखे. निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. दम्यामुळे इमर्जन्सीत न्यावी लागलेली किंवा दाखल करावी लागलेली मुलं पहिल्या गटात ७ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. शाळेने जबाबदारी घेतली की काय होतं, ते हे.

माझ्या मुलाला लागला तो धाप लागल्यावर घ्यायचा पंप आणि हा अभ्यास रोजच्या औषधाचा, हे खरं. पण रोजचं औषध नीट गेलं असतं तर पायरीवर बसायची वेळ बहुधा आलीच नसती. आमच्याकडे दूध, डबा, रिक्षा या गडबडीत आठवड्यातून दोनदा तरी सकाळचा डोस राहायचा. आईवडील निष्काळजी नसतात, सकाळ तशी असते.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत दम्यासारखा श्वसनविकारही आहे. पण ते पथक शाळेत येतं वर्षातून एकदा, तेही सरकारी आणि अनुदानित शाळांत. पंप लागतो त्या मिनिटाला.

तुम्ही डॉक्टरांकडून लेखी घ्या : कुठला पंप रोजचा, कुठला धाप लागल्यावरचा, किती पफ. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) वर्गशिक्षिकेच्या टेबलात ठेवायला सांगा, कुलपात अजिबात नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, ते चूक आहेत. स्टेरॉइडच्या, म्हणजे सहसा रोजच्या, पंपानंतर चूळ मात्र भरायला लावा.

हेही सांगायला हवं की रॉचेस्टरच्या शाळांत नर्स होत्या, आपल्या बहुतेक शाळांत नाहीत. आणि त्रास नसलेल्या दिवसांतला फरक लहानच होता, दोन आठवड्यांमागे एका दिवसाहूनही कमी. तरी मुख्याध्यापकांनी जबाबदारीचं विचारलं तर तो ७ आणि १५ चा आकडा त्यांच्यासमोर ठेवा.

मामांचा मेमो पुढे तोंडी मागे घेतला. लेखी द्या म्हणून मी तीनदा अर्ज केला, ते मिळालं नाही.