दोन एकर केळीचं वावर विकून लंडनला एमएससी करू का?

चोपड्याकडच्या एका ताईंचा मेसेज आलाय. बीएएमएस, सातपुड्याच्या पायथ्याला उपकेंद्रावर तीन वर्षांपासून सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), कंत्राटी, हातात ३८ हजार, शिल्लक ४ लाख. साथीच्या रोगांवर लंडन स्कूल ऑफ हायजीनला एक वर्षाचं एमएससी करायचंय, राहणंखाणं धरून खर्च ५० लाख. आबा म्हणतात वावर इकी टाकू, पाचातले दोन एकर. नाहीतर लोन, ११ टक्क्याने.

ताई, आधी लोनचा हिशोब बघू. ५० लाख, दहा वर्षं, ११ टक्के म्हणजे हप्ता ६९ हजाराच्या आसपास, पण कोर्स अन् वरचं एक वर्ष हप्ता नसला तरी व्याज पळतच असतं, ते साधारण ११ लाख मुद्दलात मिसळलं की हप्ता ८४ हजारावर जातो. इथे परत येऊन ८४ हजार हप्ता भरता येईल असा पगार पहिल्याच नोकरीत कोण देणार? तिकडेच राहून कमवू म्हणाल तर जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना एमएससीनंतर तिकडे राहून नोकरी करायला दीड वर्षाचाच व्हिसा मिळणार, आधी दोन वर्षांचा होता. त्यात २०२५ मध्ये यूएसएआयडी, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकन सरकारची संस्था, बंद झाली, ग्लोबल हेल्थच्या किती नोकऱ्या त्या पैशावर चालायच्या, ते सगळे अनुभवी लोक आता तुमच्यासोबत लाईनीत उभे असणार. अन् ते एज्युकेशन लोनच्या व्याजावरच्या टॅक्स सवलतीचं, ८०ई चं, जे कोणी सांगितलं ना, ते जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळतं, अन् ३८ हजारावर तुम्हाला टॅक्सच बसत नाही तर सूट कशातून घ्याल!

वावराचं तर नकोच. सीएमव्हीने, केळीवरच्या त्या व्हायरसने, बाग उपटावी लागली तरी जमीन राहते, पुढच्या वर्षी परत लागवड होते. विकलेले दोन एकर त्याच भावात परत मिळत नाहीत, अन् धाकट्या भावाच्या मनात काय आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

मग शिकायचं नाही का, तर शिकायचं. चेवेनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला, अर्ज करा, ऑगस्टला सुरू होतं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो आहेच. फी अन् राहण्याचा खर्च ते देतात, अट एवढीच की नंतर दोन वर्षं भारतात परत यायचं. तुम्हाला तसंही परतच यायचंय ना? नाही मिळालं तर लंडन स्कूलचंच संसर्गजन्य रोगांचं एमएससी घरबसल्या पाच वर्षांपर्यंत पुरवून करता येतं, खर्च हप्त्याहप्त्याने, नोकरी चालू. तिसरं, तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन सेंटरचं किंवा टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, दोन वर्षांचं. फक्त त्यासाठी नोकरी सोडावी लागेल अन् कंत्राटी जागा परत मिळेलच असं नाही, म्हणून हे शेवटी.

चार लाखातले अडीच एफडीत, त्याला हात लावायचा नाही. बाकी अर्ज, इंग्रजीची परीक्षा, पहिली फी.

तुम्ही लिहिलंय की पाड्यावर जुलाबाची साथ आली तेव्हा वहीत घरं अन् विहिरी मांडल्या अन् सगळे पेशंट एकाच विहिरीवर येऊन थांबले. १८५४ ला कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नोने लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर हेच केलं होतं. त्या पानांचे फोटो काढून ठेवा, पेशंटची नावं झाकून. अर्जात तेच सगळ्यात वर टाकायचं.