महासाथीनंतरच्या बदलत्या जगाशी अर्थव्यवस्था आणि समाज कसे जुळवून घेऊ शकतात?

प्रश्न अख्ख्या जगाचा आहे आणि मी काही अर्थतज्ज्ञ नाही. रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. तेवढ्यापुरतं सांगतो.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा पहिल्या मोहोराचा आंबा काढणीला आला होता. आमची रीत ठरलेली. पाच डझनाची लाकडी पेटी भरायची, रात्रीच्या ट्रकने नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे धाडायची आणि पट्टीची, म्हणजे त्याच्या विक्रीच्या हिशेबाची, वाट बघत बसायचं. पट्टीत भाडं, हमाली, आणखी काय काय वजा होऊन जो आकडा उरेल तो आपला. दर कसा लागला हे विचारायची सोय नसते, कारण फवारणीसाठी त्याच दलालाकडून पावसाळ्यानंतर उचल घेतलेली असते.

त्या वर्षी ट्रक मिळेना आणि वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. पुण्यातल्या भावाने त्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहज विचारलं, तर दोन दिवसांत साठ डझनांची मागणी. पुठ्ठ्याचे खोके कुठून आणणार? वाण्याकडून बिस्किटांचे रिकामे खोके आणले, त्यात पेंढा घालून आंबा भरला. काचेवर पास चिकटवून पिकअप आंबा घाट चढली. सोसायटीच्या गेटवर कुणीतरी खोक्यांवर सॅनिटायझर मारला आणि चोवीस तास हात लावायचा नाही असं फर्मान निघालं. तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन: "अहो, आंबे हिरवेगार आहेत, फ्रीजमध्ये ठेवूनसुद्धा पिकत नाहीत!" मग आईने व्हिडिओ कॉलवर आढी कशी लावायची ते दाखवलं. पुढच्या खेपेपासून प्रत्येक खोक्यात चिठ्ठी: फ्रीज नको.

खर्च जाऊन डझनामागे पट्टीच्या दीडपट पैसे हातात आले.

आता मला खटकलेली गोष्ट. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून राज्य सरकारने २०१६ मध्येच काढला होता. म्हणजे थेट विकायला चार वर्षं कुणाची आडकाठी नव्हती, आणि आम्ही एक पेटी विकली नव्हती. २०२० मध्ये जमलं ते आम्ही हुशार झालो म्हणून नव्हे. त्या साली फवारणीचे पैसे भावाने दिले होते, त्यामुळे अंगावर उचल थोडी होती. शेजारच्या काकांची कलमं आमच्या दुप्पट, त्यांनाही मुंबईहून फोन येत होते. पण उचल मोठी. माल दुसरीकडे दिला तर पुढच्या साली दलाल दारात उभं करणार नाही, म्हणून बाजार उघडेल तसा त्यांचा आंबा वाशीलाच गेला. जुळवून घ्यायची बुद्धी दोघांना सारखीच होती, वळायला जागा एकालाच होती. देशांचंही बहुधा असंच असावं.

दलालाला शिव्या घालणं सोपं आहे, पण २०२१ चं ऐका. मे महिन्यात तौक्ते वादळाने उरलेला आंबा झाडाखाली आणला. पुण्याच्या गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे परत मागितले, आणि त्यांचं चूक नव्हतं. पैसे दिले ते दलालाने, रात्री दहा वाजता केलेल्या एका फोनवर. पीककर्ज मिळतं, पण इतक्या चटकन कुठली बँक देते? नुकसान कोण सोसणार हे ठरवल्याशिवाय 'थेट विक्री' हा शब्द मला अर्धाच वाटतो.

सरकारी यंत्रणाही हलल्या, हे मान्य करायला हवं. एसटीने मे २०२० मध्ये मालवाहतूक सुरू केली, जुन्या गाड्यांच्या सीटा काढून. अमेरिकेत आंबा पाठवायचा तर विकिरण प्रक्रियेच्या (कीड मारायला फळावर किरणांचा मारा करतात, त्या) वेळी त्यांचा निरीक्षक इथे हजर लागायचा. तो प्रवासबंदीमुळे येईना, म्हणून दोन हंगाम तिकडची निर्यात ठप्प. शेवटी देखरेख भारतीय यंत्रणेकडे सोपवण्याचं ठरलं आणि २०२२ ला आंबा पुन्हा निघाला. एका माणसाच्या विमान प्रवासावर अख्खा व्यापार टांगलेला होता, हे महासाथ येईपर्यंत कुणाला टोचलं नव्हतं.

काही गोष्टी मात्र आल्या तशा गेल्या. राखणीचे नेपाळी कामगार अडकले तेव्हा गावी परतलेल्या चाकरमान्यांनी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, हातात घेतला. माझा पुतण्या तर आंबा बघून दिवस सांगू लागला होता, हा चार दिवसांनी पिकेल, तो आठ. आता तो ठाण्याला नोकरीवर आहे. त्यात वाईट काही नाही, बागेत वर्षाचा पगार निघत नाही.

सध्या आमचा निम्मा आंबा थेट जातो, निम्मा वाशीला. खोक्यांवर नाव छापून घेतलंय, चिठ्ठी अजून तीच. गेल्या सप्टेंबरात दलालाचा फोन आला होता. उचल घेतली, पूर्वीच्या निम्मी.