कशाचे टक्के?

अनेक आशीर्वाद.

वर्गात येणाऱ्या पुढाऱ्यांसाठी काढलेले तुझे अकरा प्रश्न वाचले. दहा खोड. त्यातही 'आम्हा तरुणांसाठी तुम्ही काय करणार?' हा सगळ्यांत आधी. त्याचं उत्तर त्यांना झोपेतही येतं, आणि निम्मी तासिका त्यातच जाते.

महागाई कमी झाल्याचं ते सांगतात, घरखर्च मात्र वाढतोच, मग खोटं कोण बोलतंय, असं तू लिहिलंस. कोणीच नाही! 100 ची वस्तू एका वर्षी 10 टक्क्यांनी वाढून 110 झाली, पुढच्या वर्षी 4 टक्क्यांनी वाढून 114.40. उतरला तो वाढीचा वेग, किंमत नव्हे. शिवाय ते 4 टक्के 110 वर आहेत, 100 वर नाहीत. म्हणून टक्के ऐकले की आधी विचारायचं: कशाचे? पगार 20 टक्के कापला आणि नंतर 20 टक्के वाढवला, तर 100 चे 80 होतात, 80 चे 96. भाषणात मात्र 'कपात पूर्ण भरून काढली' असं येतं.

बेरोजगारीत तर हा प्रश्न विसरूच नकोस. स्पेनमध्ये 2012-13 च्या सुमारास 25 वर्षांखालच्यांची बेरोजगारी 50 टक्क्यांच्या वर होती. ऐकणाऱ्याला वाटतं, निम्मी तरुण पिढी रिकामी. पण छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे असतात. नोकरी न शोधता नुसतं शिकणारे त्यात नसतात. उलटही होतं. शोधून थकलेला माणूस शोधणं सोडतो, गणतीतून गळतो, आणि एकही नोकरी न वाढता दर खाली येतो. हे कळल्याशिवाय आकड्याला टाळ्या वाजवायच्या नाहीत. मोठी माणसं वाजवतात, ती सोड.

तूट आणि कर्ज यांचीही गल्लत तुझ्या यादीत आहे. तूट म्हणजे सरकारचा एका वर्षात जमेपेक्षा जास्त झालेला खर्च, कर्ज म्हणजे वर्षानुवर्षांचं साठलेलं. नळ बारीक केला तरी हौद भरतच राहतो. ग्रीसने खर्च कापला, पण 2008 ते 2013 मध्ये अर्थव्यवस्थाच सुमारे चतुर्थांशाने आकसली. छेद लहान झाला, आणि उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज जडच दिसत राहिलं. पुन्हा तेच: कशाचे टक्के?

मी एकच पालुपद लावतो, असं तुला वाटेल. लावतोच. बाकीचं अर्थशास्त्र नंतर शिकता येतं. ही सवय नसेल तर शिकलेलंही उपयोगी पडत नाही.

सातवा प्रश्न ठेव, पण असा कर: 'गेल्या वर्षी शाळांसाठी केलेल्या तरतुदीपैकी किती टक्के प्रत्यक्ष खर्च झाले?' मंदीत करवसुली घटते, वर्षाच्या मध्यात निधी अडतो, तरतूद कागदावर तशीच राहते. आधी तपासून घे की शाळांचा पैसा त्यांच्याच सभागृहातून मंजूर होतो. नाहीतर ते हात वर करतील आणि ते बरोबरही असेल. (व्याजदराचा प्रश्न म्हणूनच खोडला. तो सहसा मध्यवर्ती बँक ठरवते.) 'आणि' घालून दुसरा प्रश्न जोडू नकोस, ते सोपा तेवढा उचलतील.

'भरीव वाढ केली' असं उत्तर आलं, तर शांतपणे म्हण: वाढ तरतुदीत की खर्चात? एवढ्यासाठी माइक लगेच परत देऊ नकोस. वर्गशिक्षकांना हे आधीच सांगून ठेव.