कोर्समधला धुतलेला डेटा आणि तुझं पासबुक

प्रिय,

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ऑनलाइन शिकायचं ठरवलंस, छान झालं. फक्त चार कोर्सना एकदम नाव नोंदवू नकोस. इंग्रजी ऐकताना अडत असेल तर पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात कर. साधारण दहा मिनिटांचे धडे, बरेचसे मराठी आवाजात, आणि फुकट. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, अर्ध्यावर आपला प्रोग्रॅम. तिकडे एक ओळ झाली की व्हिडिओ थांबवून तीच ओळ आपण लिहायची. म्हणून हे काम लॅपटॉपवरच होतं. लोकलमध्ये फार तर पुढचा धडा ऐकून ठेव, तोही घरच्या वायफायवर उतरवून.

प्रमाणपत्र हवं असेल तर एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, बघ. शिकणं मोफत, परीक्षेची फी वेगळी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. असाइनमेंटना २५ गुण, परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात. त्यामुळे गणपतीत एखादा आठवडा बुडाला तर घाबरू नकोस. सलग पाच बुडवलेस तर मात्र त्यातला एक शून्य सरासरीत येणारच.

विंडोजवर पायथन टाकताना पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'मध्ये जोडण्याचा चौकोन असतो, तो टिक कर. तो राहिला की कमांड विंडो पायथन ओळखत नाही आणि नवशिक्यांचा पहिला दिवस त्यातच जातो. सरावाच्या फाइलला 'रँडम' किंवा 'मॅथ' असं नाव देऊ नकोस. 'रँडम' नाव दिलंस तर पायथन स्वतःच्या मॉड्यूलऐवजी (त्याच नावाच्या तयार फाइलऐवजी) तुझी फाइल उघडतो, आणि ३.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांत एरर असा येतो की चूक भलतीकडेच शोधत बसावं लागतं. एरर नेहमी शेवटच्या ओळीपासून वर वाच. आणि कोर्समध्ये 'प्रिंट'पुढे कंस दिसला नाही तर तो पायथन २ चा कोर्स आहे. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तो सोडून दे.

आता मुद्द्याचं. कोर्समध्ये मिळणारा डेटा धुऊन इस्त्री केलेला असतो, कामावर मिळणारा तसा नसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतःच्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उतरवून घे आणि महिन्याचा खर्च काढायला बस. वरच्या काही ओळींत नाव-पत्ता असेल, त्या वगळाव्या लागतील. '१,२५,०००' मधल्या स्वल्पविरामांमुळे ती रक्कम आकडा न राहता मजकूर होते, म्हणून स्वल्पविराम आधी काढ. जमा आणि नावे (खात्यातून गेलेली रक्कम) हे दोन वेगळे रकाने असतील तर प्रत्येक ओळीत एक रिकामा असतो. जमेतून नावे वजा केलंस की उत्तरही रिकामं येतं. रिकाम्या जागी आधी शून्य भर. सर्वात फसवी तारीख. पांडाज, म्हणजे असे तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी, महिना आधी धरतं, म्हणून ०३-०७ ही ३ जुलै ७ मार्च होऊन बसते. पुढे २५-०७ आलं की नवी आवृत्ती निदान एरर देते. जुन्या आवृत्त्या तेवढीच तारीख सरळ वाचून पुढे जात, आणि एकाच रकान्यात दोन पद्धतींच्या तारखा होत. 'डेफर्स्ट' (दिवस आधी) हा पर्याय चालू कर आणि पहिल्या वीस तारखा डोळ्यांनी तपास.

तयार झालेली खर्चाची यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर 'किराणा', 'भाडं' यांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर डेटा बिघडलेला नाही. एक्सेलने यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, ओळखलेली नाही, एवढंच. फाइल 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने जतन केलीस की मराठी नीट दिसेल.

गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम ठेवण्याच्या साइटवर, तुझा प्रोग्रॅम जरूर ठेव, पण स्टेटमेंटच्या फाइलचं नाव पहिल्या कमिटच्या (बदलांची नोंद करण्याच्या) आधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाक. एकदा वर गेलेली फाइल नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये राहते, आणि तिच्यात तुझा खातेक्रमांक आहे.

पहिला महिना जमला की आरंभीची शिल्लक, जमा आणि नावे यांचा हिशेब अखेरच्या शिल्लकेशी ताडून बघ. एका पैशाचाही फरक आला तर कुठली ओळ गळली ते शोध, आणि ती ओळ खातेक्रमांक खोडून मला पाठव.