आधी व्याख्येचा शेवट वाचा

'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' या प्रश्नात व्याख्या वाचली की लगेच शब्द आठवायला जाऊ नका, आधी तिचा शेवट बघा. 'जाणून घेण्याची इच्छा' असेल तर जिज्ञासा. 'इच्छा असलेला' असेल तर जिज्ञासू. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो.

'इच्छा' दिसली की मूळ संस्कृत धातूचं पहिलं व्यंजन दोनदा येतंय का ते पाहा. पा धातूपासून पिपासा (पिण्याची इच्छा), मुच् पासून मुमुक्षा (मोक्षाची इच्छा), ज्ञा पासून जिज्ञासा (ज्ञ म्हणजे ज् आणि ञ, म्हणून सुरुवातीला जि). ही खूण मला फार उशिरा कळली, तुम्ही आजच वहीत टिपून ठेवा.

कृतज्ञ-कृतघ्न अशा जोड्या तर शेजारी शेजारीच लिहा. आणि सापडलेला शब्द व्याख्येच्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. अडखळलात तर पुन्हा शोधा.