आधी फांदी, मग पक्षी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं, सोबतचे फोटोही नीट पाहिले. आधी लांबच्या पक्ष्यांसाठी सहाशे मिलिमीटरची लेन्स घ्यावी की किड्यांचे जवळून फोटो काढायची मॅक्रो, असं तू विचारतोस. सध्या दोन्ही नको. तुझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आत प्रकाश टिपणारा भाग थोडा लहान असलेला कॅमेरा आणि 70-300 मिलिमीटरची लेन्स आहे. शिवाय पुढे खळं म्हणजे अंगण, कडेला गोठा आणि विहीर, मागे काजूची बाग आणि वर सडा म्हणजे कातळाचं पठार असलेलं घर आहे. तुझ्या फोटोंत उणीव आहे ती लेन्सची नाही. प्रत्येक फोटोत तू पक्ष्याच्या मागे धावला आहेस, आणि तो जिथे टेकला तिथली विजेची तार, निळी ताडपत्री, न्हाणीघराची भिंत त्याच्यासोबत चौकटीत आली आहे. हा क्रम उलटा कर. आधी जागा ठरव, तिथला उजेड आणि पार्श्वभूमी बघून घे, मग तिथे बसून राहा.

थोडं गणित सांगतो, म्हणजे लेन्सचा विचार डोक्यातून जाईल. तुझ्या कॅमेऱ्यावर 300 मिलिमीटरला, चार मीटर अंतरावर, चौकट साधारण 30 सेंटीमीटर रुंद असते. शिपाई बुलबुल 20 सेंटीमीटरचा, म्हणजे दोन-तृतीयांश चौकट त्याने भरली. तोच बुलबुल दहा मीटरवर असेल तर चौकट 75 सेंटीमीटरची होते. मग तू फोटो कापतोस आणि पिसांचा तपशील त्यातच जातो. शिवाय उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून दहा-पंधरा मीटर पल्ल्याने फोटो काढलास तर मधली हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी डोळा धारदार येत नाही. म्हणून पक्षी चार मीटरवर यावा अशी सोय करायची.

कोकणात मार्च ते मे त्यासाठी पाण्यासारखं दुसरं काही नाही. मातीची पसरट थाळी घे. पाण्याची खोली दोन ते पाच सेंटीमीटर पुरे, त्याहून खोल असेल तर लहान पक्षी आंघोळीला उतरत नाहीत. मधे जांभ्या दगडाचा एक खडबडीत तुकडा ठेव. थाळी झुडपापासून दोन-अडीच मीटरवर असू दे. अगदी खेटून ठेवलीस तर मांजर दबा धरून बसतं, उघड्यावर ठेवलीस तर शिंजीर, शिंपी असे बारके जीव येतच नाहीत. पाणी रोज बदल आणि दर दोन-तीन दिवसांनी थाळी काथ्याने घास, नाहीतर शेवाळ धरतं आणि डासांच्या अळ्या होतात. एकदा पाणी ठेवायला लागलास की कॅमेरा हातात नसेल त्या दिवशीही ठेवायचं.

थाळीच्या बाजूला हातभर अंतरावर एक सुकी फांदी रोव. पक्षी पाण्यावर थेट उतरत नाही, आधी वर बसून आजूबाजूचा अंदाज घेतो. तोच तुझा फोटो. फांदी सालीसकट हवी. बुलबुलासाठी अंगठ्याएवढी, शिंजिरासाठी पेन्सिलीएवढी जाड घे, कारण जाड फांदीवर 10 सेंटीमीटरचा शिंजीर हरवून जातो. तुझ्यापासून फांदी जेवढी लांब त्याच्या दुप्पट, म्हणजे किमान आठ मीटर, तिच्यामागे मोकळी जागा असू दे. त्यापलीकडे काजूची सावलीतली हिरवाई असेल तर एफ 5.6 लाही, म्हणजे लेन्सचं छिद्र चांगलं उघडं असताना, पार्श्वभूमी सलग गडद हिरवी येते. त्या हिरवाईत उन्हाचे कवडसे पडत नाहीत ना, हे ज्या वेळी फोटो काढणार त्याच वेळी जाऊन पाहा.

लपण्यासाठी वेगळा तंबू कशाला? गोठ्याची खिडकी आहे. गुरं, माणसं, शेणाची पाटी यांना अंगणातले पक्षी सरावलेले असतात. तू आत अंधारात बस, लेन्सचं तोंड खिडकीच्या आतच ठेव, आणि खिडकीवर अर्धी शेडनेट सोड. लेन्स बाहेर काढलीस की तिची हालचाल दिसते आणि दयाळ लगेच कलकलाट करून सगळ्यांना उठवतो.

आता वाऱ्याची गोष्ट, कारण किनाऱ्याजवळ ती फार उपयोगी पडते. पक्षी बसताना आणि उडताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतो. हिवाळ्यात निरभ्र सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा पूर्वेकडून येतो आणि सूर्यही पूर्वेलाच असतो. म्हणजे तू फांदीच्या पूर्वेला बसलास तर ऊन तुझ्या पाठीवर आणि पक्ष्याचं तोंड तुझ्याकडे. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू झाला की बाजू बदल, फांदीच्या पश्चिमेला जा. वेडा राघू यासाठी उत्तम. तो माशी धरून बहुतेक वेळा त्याच काठीवर परत येतो आणि ती आपटून मारतो. काठीवर आधी फोकस बांधून ठेव, शटर 1/2500 सेकंदावर ने आणि तो परतताना बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची माळ, सोड. नुसत्या बसलेल्या पक्ष्याला 1/500 पुरतं. ऑटो आयएसओची, म्हणजे कॅमेरा आपोआप वाढवतो त्या सेन्सरच्या संवेदनशीलतेची, मर्यादा 3200 ठेव. फोटोत थोडे दाणेदार ठिपके दिसलेले चालतात, हललेला डोळा चालत नाही.

तुझा कोतवाल काळा डाग आणि बगळा पांढरा डाग झालाय, ते कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरमुळे. पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपण करायची कमी-जास्त) उणे 0.7 ते उणे 1 दे, कोतवालाला अधिक 0.7. कोतवालाचा लाल डोळा काळ्या पिसांत उमटायला ऊन समोरून आणि तिरकं लागतं, म्हणून तो सकाळी साडेआठच्या आतच करायचा.

घरट्यांचे फोटो काढू नकोस. विहिरीवरच्या सुगरणींच्या वसाहतीचे लांबून, फांद्या न हलवता काढलेस तर ठीक. पण शिंजिराचं लोंबतं घरटं, शिंप्याचं शिवलेलं पान यांच्याजवळ जाऊन, आड येणारी पानं बाजूला करून फोटो घेतला की ते घरटं कावळ्याला आणि भारद्वाजाला उघडं पडतं. आईबाप घरटं टाकूनही जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरटी यांना त्रास देणं धरलेलं आहे. नवरंग पक्षी जूनमध्ये बागेत आला की मोबाइलवर त्याची शीळ वाजवायचा मोह होईल, तोही आवर. विणीच्या दिवसांत नराला हद्दीत दुसरा नर आल्यासारखं वाटतं आणि तो खाणंपिणं सोडून शोधत फिरतो.

किड्यांसाठी मॅक्रो लेन्सऐवजी 70-300 च्या तोंडावर लावायचं चार डायॉप्टर ताकदीचं क्लोजअप भिंग घे. जोडभिंगाचं घे, एकेरी भिंगाने कडांना जांभळी झाक येते. 200 मिलिमीटरवर, लेन्स अनंतावर फोकस करून, त्याने किडा प्रत्यक्षाच्या 0.8 पट मोठा उमटतो आणि तू त्याच्यापासून 25 सेंटीमीटर लांब राहतोस. छिद्र एफ 11 इतकं लहान केलंस तरी धारदार भाग मिलिमीटरच्या आसपासच मिळतो, म्हणून फोकसची रिंग फिरवत बसू नकोस. स्वतःचं शरीर हळूच पुढे-मागे झुकव आणि डोळा स्पष्ट दिसला की दाब. फ्लॅश वापरताना शटर 1/200, आयएसओ 200, फ्लॅश 1/8 ताकदीवर. त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर किड्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आण. लांबचा छोटा प्रकाश भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका पाडतो, जवळचा मोठा प्रकाश पाठीचा रंग दाखवतो.

डिसेंबर-जानेवारीत उजाडल्यापासून आठपर्यंत पाणंदीच्या गवतावर जा. चतुर आणि टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद) दवाने भिजून काडीला चिकटून असतात, अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. सेन्सर त्यांच्या शरीराला समांतर धर म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं धारदार येईल. तुझी सावली आधी पोचू देऊ नकोस. स्प्रेने पाणी मारून दव करणं, किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवणं असले उपाय कोणी सांगितले तर ऐकू नकोस.

परसातल्या कढीपत्त्याकडे आणि लिंबाकडे मात्र नीट लक्ष दे. कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं गोल अंडं दिसलं तर तारीख लिहून ठेव. तीन ते पाच दिवसांत अळी निघते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते. बोट लावू नकोस, ती डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून वास सोडते आणि बराच वेळ खायची थांबते. कोष झाल्यावर रोज एकाच वेळी पाहत जा. ज्या दिवशी तो काळपट पडून आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा फुलपाखरू बाहेर येतं. आदल्या संध्याकाळीच तिवई लाव आणि पार्श्वभूमी ठरव. बाहेर आल्यावर चुरगळलेले पंख फुगून, ताणले जाऊन कडक व्हायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ ते लोंबत राहतं, आणि पंखावरची एकही खवली झडलेली नसते. लिंबावर कधी नीलवंत निघेल. महाराष्ट्राने 2015 मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याचे पंख मोठे आणि काळेभोर. निळा पट्टा उन्हात पांढुरका होतो, तेव्हा त्याचा फोटो सावलीत घे.

रानफुलांना पाऊस लागतो. सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झिरपत्या पाण्यात सीतेची आसवं फुलतात, एक सेंटीमीटरचंही फूल नसतं. तिथे पोटावर झोपावं लागतं, पण गुडघा आणि कोपर उघड्या कातळावरच टेकव. एका फुलासाठी शंभर रोपं चिरडलेली मी सड्यावर पाहतो आणि वाईट वाटतं. झोपण्याआधी जागा काठीने चाचपून घे, गमबूट घाल. विषारी फुरसं सड्यावर दगडाच्या सावलीत असतं आणि त्याचा रंग जांभ्यातच मिसळतो. दगड उलटायचे नाहीत.

ढगाळ उजेड फुलांना चांगला. वारा आठनंतर वाढतो. देठ डोलत असेल तर बाजूला काडी रोवून कपड्यांच्या चिमट्याने अलगद टेकव. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटतं, ते सकाळीच उरकून घे. कवळ्यासारख्या पिवळ्याजर्द फुलात लाल रंगाची नोंद आधी मर्यादेबाहेर जाते. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो तरी पाकळ्या सपाट येतात. रंगांचा हिस्टोग्राम उघड, उणे 0.7 दे. ओळख पटण्यासाठी एका सुंदर फोटोसोबत तीन साधे फोटो घे: फूल बाजूने, पानांची मांडणी आणि सगळं झाड. गौरीला आणतात त्या तेरड्याची मागची शेपटी समोरून दिसत नाही, आणि तेरड्याच्या भाऊबंदांत फरक करताना तीच लागते.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नकोस, बुरशी तिथेच वाढते. रबरी कडेचा हवाबंद डबा, पाव किलो निळी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू दे. जेल गुलाबी झाली की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळी कर आणि पूर्ण गार झाल्यावर डब्यात टाक.

फोटो त्याच दिवशी तारीख आणि जागेसह जपून ठेव. जागा म्हणजे ‘विहिरीजवळचा पांगारा’ इतकी नेमकी. पुढच्या वर्षी पांगारा कधी फुलला आणि त्यावर कोण आलं, हे यातूनच कळेल. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर, बाकीच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाक. दुर्मीळ काही सापडलं तर नेमकं ठिकाण झाकून ठेव.

पुढच्या पत्रात एकाच फांदीवरचे तीन फोटो पाठव, न कापलेले, कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या रॉ फाइलसकट. सोबत खळ्याचा एक साधा नकाशा काढ. सूर्य कुठून उगवतो, थाळी कुठे आणि गोठ्याची खिडकी कुठे, एवढं त्यात दाखव. नकाशा पाहिल्यावर फांदी कुठे हलवायची ते सांगेन.