फुरोशिकीची गाठ सुटते ती कापडामुळे नव्हे

फुरोशिकीत, म्हणजे वस्तू बांधून नेण्याच्या चौकोनी जपानी फडक्यात, जड वस्तू बांधली की गाठ सुटते, तर कोणते कापड घ्यावे, असे आपण विचारले आहे. कापड बदलून काहीही होणार नाही. आपली गाठ चुकते आहे. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात सहा वर्षे वाद चालू आहे.

आम्ही तेव्हा टोकियोत नीशी-कसाईला राहत होतो. ऑगस्टमधल्या एका दुपारी कलिंगड घेतले आणि शेजारच्या जपानी आजींनी शिकवलेली सुइका-झुत्सुमी, म्हणजे खास कलिंगडाची बांधणी, दुकानाबाहेरच करून पाहिली. फडक्याच्या मधोमध कलिंगड ठेवून शेजारशेजारची दोन-दोन टोके बांधायची आणि तयार झालेला एक बंद दुसऱ्यातून ओवून उचलायचे, एवढेच काम. एक गाठ मी मारली, दुसरी नवऱ्याने. आमच्या इमारतीचा जिना चढताना त्याची गाठ सुटली आणि कलिंगड पायऱ्यांवरून उड्या घेत थेट आजींच्या दारासमोर फुटले.

आजी बाहेर आल्या. सांडलेल्या लाल पाण्याकडे त्यांनी पाहिलेही नाही; फडके उचलून त्यांनी माझी शाबूत गाठ न्याहाळली आणि नवऱ्याला त्याची गाठ पुन्हा मारायला लावली. माझ्या गाठीची टोके आडवी, बंदाच्या रेषेत पडली होती. त्याची सशाच्या कानांसारखी उभी राहिली. ‘तते-मुसुबी,’ आजी म्हणाल्या, म्हणजे उभी गाठ. हवी असते ती मा-मुसुबी : पहिल्या वेढ्यात जे टोक वर होते, तेच दुसऱ्या वेढ्यातही वर ठेवायचे. ही गाठ ओझ्याने घट्ट होते, आणि सोडताना एक टोक व त्याच्याच बाजूचे कापड धरून विरुद्ध दिशांना ताणले की दुसरे टोक अलगद निसटते.

तरीही नवरा आल्यागेल्याला सांगतो की ते पॉलिएस्टरचे फडकेच घसरडे होते, साताऱ्याला आई जुन्या चादरीत बोचके बांधते ते कधी सुटले नाही. २००६ साली जपानच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिक पिशव्यांना पर्याय म्हणून ‘मोत्ताइनाई (वाया घालवू नका) फुरोशिकी’ पुढे आणली, तीही जुन्या प्लास्टिक बाटल्यांच्या धाग्याची, म्हणजे पॉलिएस्टरचीच होती. पॉलिएस्टरवर गाठ टिकतच नसती तर ती ओझी वाहण्यासाठी कुणी बनवली असती का?

मापाबद्दल सांगायचे तर फडक्याचा कर्ण वस्तूच्या साधारण तिप्पट असावा. मध्यम कलिंगडाला सुमारे १०० सेंटिमीटरचे फडके लागते. आणि हो, नवशिक्याने सुती कापड घेतलेले बरे, कारण गुळगुळीत कापडावर गाठ अधिक आवळावी लागते. एवढे मी नवऱ्याला मान्य करते, त्याहून जास्त नाही.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला सासूबाईंनी इस्त्रीच्या कपड्यांचे बोचके बांधले तेव्हा मी मुद्दाम वाकून पाहिले. दोन्ही टोके आडवी होती. त्यांच्या मुलाने मात्र आयुष्यात एकही बोचके बांधलेले नाही.